एका गुणाचं पान टाकाऊ नसतं

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत पत्त्यांच्या नव्या खेळांवर आलेला लेख मी दोनदा वाचला आणि कात्रण वहीत चिकटवलं. रमी आणि ब्रिजच्या पलीकडच्या पत्त्यांबद्दल मराठी वर्तमानपत्रात इतक्या आपुलकीने लिहिलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं, त्याबद्दल आधी आभार. पण त्यातला एक सल्ला मला मान्य नाही, आणि तो नवशिक्यांसाठी आहे म्हणून गप्प बसवत नाही. लेखक म्हणतात, की गुणांच्या छोट्या पानांच्या नादी लागू नये. नेहमी सर्वांत मोठ्या पानासाठी थांबावं, चिल्लर वेचणारा भिडू मागेच राहतो. हाच सल्ला मला नऊ वर्षांपूर्वी मिळाला होता. मी तो मनापासून पाळला आणि त्यापायी हातातोंडाशी आलेले कितीतरी डाव घालवले.

मी हिशेबनीस आहे. दिवसभर आकड्यांतच असते. सुट्टीच्या दिवशी दादा, त्याची मुलगी आणि मी पत्ते खेळतो, आणि प्रत्येक डावाची नोंद मी वहीत ठेवते: कितव्या पाळीला कुणी कोणतं पान घेतलं, शेवटी ढिगात काय उरलं, गुण किती झाले. अशा सहा वह्या भरल्या आहेत. पुढे जे लिहिते आहे ते त्या वह्यांतून शिकलेलं आहे.

ज्यांनी हा प्रकार खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. डोनाल्ड एक्स. व्हॅकारिनो यांचा 'डोमिनियन' हा खेळ २००८ साली आला आणि २००९ मध्ये त्याला जर्मनीतला 'श्पील देस यारेस' हा वर्षातल्या उत्तम खेळाचा मान मिळाला. यात प्रत्येकाचा कॅट वेगळा असतो आणि तो डाव चालू असतानाच वाढत जातो. सुरुवातीला प्रत्येकाकडे दहा पानं: सात कॉपर, म्हणजे एकेका नाण्याची, आणि तीन एस्टेट. दर पाळीला पाच पानं हातात येतात, त्यांतल्या नाण्यांनी मधल्या ढिगांतून एक नवं पान घ्यायचं, मग सगळं टाकलेल्या ढिगात. कॅट संपला की तो ढीग पिसून पुन्हा कॅट तयार, आणि घेतलेलं नवं पान केव्हातरी हातात येतं.

गुणांची मुख्य पानं तीन. एस्टेट २ नाण्यांना मिळते आणि १ गुण देते. डची ५ नाण्यांना, ३ गुण. प्रॉव्हिन्स ८ नाण्यांना, ६ गुण. प्रॉव्हिन्सचा ढीग संपला किंवा कोणतेही तीन ढीग संपले की डाव आटोपला. ज्याचे गुण जास्त तो जिंकला.

नुसती भागाकाराची गोष्ट असती तर लेखकांचं म्हणणं खरं ठरलं असतं. एका नाण्याला एस्टेट अर्धा गुण देते, डची ०.६ आणि प्रॉव्हिन्स ०.७५. मोठं पान स्वस्त पडतं. शिवाय ही पानं हातात आली की काही कामाची नसतात, त्यांनी काही विकत घेता येत नाही, ती नुसती जागा अडवतात. समजा माझ्या कॅटमध्ये वीस पानं आहेत आणि त्यांत एकूण ३२ नाणी आहेत. पानामागे १.६ नाणी, म्हणजे पाच पानांच्या हातात सरासरी ८, नेमकी प्रॉव्हिन्सपुरती. आता गुणांचं एक पान घेतलं की पानं एकवीस आणि नाणी तीच. सरासरी हात ७.६ वर उतरतो. इथे ध्यानात घेण्यासारखं हे, की उतार प्रॉव्हिन्सनेही तितकाच होतो आणि एस्टेटनेही तितकाच. सहा गुणांचं पान असो की एका गुणाचं, अडवायचं ते एकाच पानाची जागा. मग एवढ्याशा गुणासाठी ती जागा का द्यावी, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं, आणि तीन वर्षं मी डचीला हात लावला नाही. हातात सात नाणी आली तरी गोल्ड, म्हणजे सहा नाण्यांना मिळणारं तीन नाण्यांचं पान, घ्यायचे (सिल्व्हर दोन नाण्यांचं असतं) आणि पुढच्या पाळीला आठ येतील म्हणून वाट पाहायचे.

चूक कुठे होती ते वहीने दाखवलं. एका रात्री मी हरलेले वीस डाव शेजारी शेजारी मांडले आणि शेवटच्या चार पाळ्यांत मी काय घेतलं तेवढंच पाहिलं. गोल्ड, गोल्ड, सिल्व्हर, गोल्ड. एका डावात तर शेवटच्या पाळीला घेतलेलं गोल्ड. ते गोल्ड पुन्हा हातात येणारच नव्हतं, त्याचा उपयोग शून्य होता, आणि त्याच सहा नाण्यांत तीन गुण मिळत होते. तो डाव मी दोन गुणांनी हरले होते.

तेव्हापासून मी पान घेताना पहिला प्रश्न हाच विचारते: हे पान पुन्हा माझ्या हातात किती वेळा येणार? पंचवीस पानांचा कॅट असेल तर एक पान साधारण पाच पाळ्यांतून एकदा भेटतं. कॅटमध्ये अजून पंधरा पानं शिल्लक असतील तर पुढच्या तीन पाळ्या त्याच पंधरांवर निघतील. आत्ता घेतलेलं पान पिसायच्या आधी हातात येण्याचा प्रश्नच नाही. डाव या तीन पाळ्यांत संपणार असेल तर आत्ता घेतलेल्या डचीचा अडथळा शून्य आणि गुण मात्र पुरते तीन. उलट हीच डची आठव्या पाळीला घेतली असती तर ती तीन-चार वेळा हातात येऊन बसली असती आणि तिने दोन प्रॉव्हिन्स बुडवल्या असत्या. म्हणजे पान तेच आणि गुणही तेच, बदलते ती फक्त वेळ. छोट्या पानाची किंमत त्याच्यावर छापलेल्या आकड्यात शोधणाऱ्याला ती सापडत नाही.

दोघांच्या डावात गुणांच्या प्रत्येक ढिगात आठ पानं असतात. ढिगात चार प्रॉव्हिन्स उरल्या की पाच, सहा किंवा सात नाण्यांना डची घ्यायची आणि दोन उरल्या की दोन नाणीही वाया जाऊ न देता एस्टेट उचलायची, असं मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं आहे. समोरचा फार वेगाने धावत असेल तर एक पायरी आधी. उरलेली नाणी पुढच्या पाळीला मिळत नाहीत, हे नवशिक्यांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

आता तो डाव सांगते, ज्याच्यामुळे मी हे पत्र लिहायला बसले. दादा आणि मी दोघंच खेळत होतो. दोघांकडे तीन तीन प्रॉव्हिन्स, ढिगात दोन उरलेल्या. सुरुवातीच्या तीन तीन एस्टेट दोघांकडे होत्याच. दादाने मधे एक डची घेतली होती, मी एका वाईट हाताला दोन नाण्यांत चौथी एस्टेट उचलली होती. तेव्हा दादा म्हणाला होता, "हे काय वेचत बसलीस?" त्याचे २४ गुण, माझे २२. पाळी माझी, हातात आठ नाणी.

मी प्रॉव्हिन्स घेतली. आठ नाणी आणि प्रॉव्हिन्स समोर असताना दुसरं काही करायचं असतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. माझे २८ झाले. दादाने हात उघडला, त्याच्याकडेही आठ होती, त्याने शेवटची प्रॉव्हिन्स उचलली. ३० विरुद्ध २८.

दादा झोपायला गेल्यावर मी तो डाव पुन्हा टेबलावर मांडला. त्या आठ नाण्यांत मी डची घेतली असती तर? माझे २५, दादाचे २४, आणि ढिगात दोन प्रॉव्हिन्स तशाच. आता घाबरायची पाळी त्याची. त्याने प्रॉव्हिन्स घेतली तर तो ३० वर, पण शेवटची प्रॉव्हिन्स माझ्यासाठी उघडी, आणि ती घेतली की माझे ३१. म्हणून त्यालाही डची घ्यावी लागली असती, २७ विरुद्ध २५, मग मी पुन्हा डची, २८ विरुद्ध २७. जो मागे असताना शेवटून दुसरी प्रॉव्हिन्स उचलतो तो समोरच्याच्या हातात डाव देतो. हे जाणकार खेळाडूंना माहीत असतं, पण मला ते त्या रात्री टेबलावर कळलं. आणि आणखी एक गोष्ट कळली. डची घेऊन मी एका गुणाने पुढे गेले असते ते त्या चौथ्या एस्टेटमुळे. ती नसती तर २४-२४ अशी बरोबरी झाली असती आणि दादाला कसली भीती राहिली नसती. ज्या पानावरून तो मला बोलला होता, त्या एका गुणावर सगळा डाव तोललेला होता. मी ते पान बराच वेळ हातात धरून बसले होते.

काही ढीग तर असे आहेत की छोट्या पानांचा अर्थच पालटतात. मूळ संचातलं 'गार्डन्स' ४ नाण्यांना मिळतं आणि कॅटमधल्या दर दहा पानांमागे १ गुण देतं. चाळीस पानांचा कॅट झाला की प्रत्येक गार्डन्स चार गुणांचं. अशा डावात कॅट फुगवणं हीच कमाई, आणि जी एस्टेट आपण एरवी टाळतो तीही दहाचा आकडा गाठायला मदत करते, वर स्वतःचा गुण देते ते वेगळंच. त्यातून गार्डन्स, एस्टेट आणि तिसरा एखादा स्वस्त ढीग रिकामा करून डाव लवकर संपवता येतो. समोरचा भिडू मोठ्या पानांसाठी नाणी जमवत असतो आणि त्याला वेळच मिळत नाही. २००९ च्या 'इन्ट्रीग' या संचातला 'ड्यूक' ५ नाण्यांना मिळतो आणि आपल्याकडच्या प्रत्येक डचीमागे १ गुण देतो. सहा डची जमल्या की प्रत्येक ड्यूक सहा गुणांचा, म्हणजे प्रॉव्हिन्सइतका, आणि तो पाच नाण्यांत. आठ नाण्यांचा हात जमवायची गरजच उरत नाही, पाचांचा हात पुरतो, आणि पाच नाणी तर अडलेल्या कॅटमधूनही निघतात. लेखकांच्या सल्ल्याप्रमाणे चालणारा भिडू हे ढीग समोर असूनही पाहणार नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

दुसरा खेळ अगदी वेगळ्या जातीचा आहे, पण प्रश्न हाच आहे, म्हणून तोही सांगते. रिचर्ड गारफिल्ड यांचा 'नेटरनर' १९९६ साली आला आणि २०१२ मध्ये 'अँड्रॉइड: नेटरनर' या नव्या रूपात आला. इथे कॅट डाव सुरू होण्याआधी घरूनच बांधून आणायचा. एक भिडू कंपनी, दुसरा रनर, म्हणजे तिच्या संगणकांत घुसणारा चोर. कंपनीच्या कॅटमध्ये 'अजेंडा' नावाची गुणांची पानं असतात. कंपनीने ती पुरी केली तर गुण तिचे, रनरने ती शोधून चोरली तर गुण त्याचे. आधी सात गुण करील तो जिंकतो. आणि नियम असा, की ४५ ते ४९ पानांच्या कॅटमध्ये २० किंवा २१ गुणांचे अजेंडा असलेच पाहिजेत. हे गुण तीन-तीनांच्या थोड्या पानांत भरायचे, की दोन-दोनांच्या जास्त पानांत, की मधे एक-एकाची पानंही घालायची, यावर भाची आणि मी अख्खी सुट्टी घालवली आहे.

तीन गुणांची सात पानं घातली तर एकोणपन्नासात सात, म्हणजे रनरने उघडलेल्या दर सात पानांत सरासरी एक अजेंडा. दोन गुणांची दहा घातली तर साधारण दर पाच पानांत एक. पहिला कॅट सुरक्षित वाटतो. पण तीन-तीनांच्या कॅटमध्ये रनरला तीन चोऱ्या पुरतात, दोन-दोनांच्या कॅटमध्ये चार लागतात. ठोकळमानाने पहिल्यात त्याला एकवीस पानं उघडावी लागतात आणि दुसऱ्यात वीस. इतका बारीक फरक! खरा फरक झोक्याचा आहे: मोठ्या पानांच्या कॅटमध्ये रनरला तीन अजेंडा लागोपाठ लागले तर डाव तिथेच आटपतो, सावरायला फुरसत मिळत नाही.

कंपनीच्या बाजूचा हिशेब भाचीने केला, आणि तो मला फार आवडला. कंपनीला पाळीत तीन क्लिक, म्हणजे तीन कृती, असतात. पान मांडायला एक क्लिक, आणि ते पुढे सरकवायला दर खेपेला एक क्लिक आणि एक क्रेडिट, म्हणजे या खेळातलं नाणं. तीनदा सरकवून पुरं होणारा दोन गुणांचा अजेंडा म्हणजे चार क्लिक. पाचदा सरकवायचा तीन गुणांचा अजेंडा म्हणजे सहा क्लिक. क्लिकमागे गुण दोन्हीकडे अर्धाच. पण सात गुण गाठायला तीन-तीनांची तीन पानं लागतात, अठरा क्लिक, आणि दोन गुण फुकट जास्तीचे. दोन-दोनांची चार पानं घेतली तर सोळा क्लिक, एक गुण जास्तीचा. आणि एक तीनचं, दोन दोन-दोनांची अशी पानं घेतली तर नेमके सात, चौदा क्लिकमध्ये. तिने कागदावर ही बेरीज मांडली, कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाली, "आत्या, मोठ्या पानाने सात होतच नाहीत गं. सहा होतात नाहीतर नऊ."

बारा वर्षांच्या मुलीचं हे वाक्य मला लेखातल्या सल्ल्यापेक्षा जास्त उपयोगी वाटतं.

एक गुणाच्या अजेंडाबद्दल मात्र माझं मत अजून पक्कं होत नाही. तीन गुणांचं एक पान काढून त्याऐवजी एक-एकाची तीन घातली तर अजेंडांची संख्या सातावरून नऊवर जाते, रनरला काही ना काही हाती लागण्याची शक्यता वाढते, पण त्याला लागलेलं पान एकाच गुणाचं असू शकतं, आणि तेवढ्यासाठी त्याची पाळी खर्च झालेली असते. डावाच्या सुरुवातीला ही ढाल चांगली आहे. पण रनरने तीन-तीनांची दोन पानं आधीच चोरली असतील तर तो सहावर उभा असतो, आणि सहावर उभ्या असलेल्याला एक गुणाचं पानही तीनाच्या पानाइतकंच पुरतं. त्या वेळी तीच ढाल उलटते. म्हणून एक-एकाची पानं घालायची तर तीन-तीनांच्या जोडीला घालू नयेत, दोन-दोनांच्या जोडीला घालावीत, असं सध्या मला वाटतं. दोन-दोनांच्या तीन चोऱ्यांनी रनर सहावर येतो खरा, पण तिथे पोचायला त्याला एक चोरी जास्त करावी लागते. भाचीला हे पटलेलं नाही. आमचा वाद चालू आहे.

लेखकांवर माझा राग नाही. सोपा नियम सांगितला की नवशिक्याला हुरूप येतो, हे मला कळतं, आणि पहिल्या दहा डावांत लवकर गुण गोळा करायला धावू नये हा भाग अगदी बरोबर आहे. पण त्यापुढे "नेहमी" हा शब्द आला, तिथे माझी हरकत आहे. भाचीने तो लेख वाचला आणि दुसऱ्याच डावात सहा नाणी हातात असताना, ढिगात एकच प्रॉव्हिन्स उरलेली असताना, डची न घेता गोल्ड घेतलं. मी विचारलं, का? म्हणाली, पेपरात लिहिलंय. छापलेल्या शब्दाला मुलं असं मानतात, म्हणून हे पत्र कृपया छापावं.

आणखी एक विनंती. आपल्या पुरवणीत बुद्धिबळाची कोडी येतात, आकड्यांची कोडी येतात. त्याच कोपऱ्यात महिन्यातून एकदा अशा पत्त्यांची एखादी स्थिती द्यावी आणि वाचकांकडून उत्तर मागवावं. सुरुवातीला माझ्या वहीतली एक पाठवते. दोघांचा डाव, प्रॉव्हिन्सच्या ढिगात तीन पानं. डचीच्या ढिगात एक, एस्टेटच्या ढिगात एक, आणि आणखी एक ढीग आधीच रिकामा झालेला. तुमचे २६ गुण, समोरच्याचे २८. पाळी तुमची, हातात सात नाणी, आणि या पाळीला दोन पानं घेण्याची मुभा. त्या सात नाण्यांचं काय कराल?

आपली,
एक नियमित वाचक